वाचकांचे प्रश्न: ग्रिलचा कोळसा आणि धुराचं लाकूड

अंगणातल्या ग्रिलबद्दल आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त चौकशी आहे ती लाकडाच्या जातीची: सफरचंद घ्यावं की चेरी, ओक की हिकरी. आमचं मत आधीच सांगून टाकतो. लाकडाची जात सगळ्यांत शेवटी येते. कोळसा पुरता फुललाय का, लाकूड वाळलंय का आणि ग्रिलमध्ये हवा खेळतेय का, यावरच पदार्थाची चव बव्हंशी ठरते. उत्तरांचा क्रमही आम्ही तसाच लावला आहे.

प्रश्न: अख्खा लाकडी कोळसा चांगला की साच्यातल्या ब्रिकेट? दुकानदार प्रत्येक वेळी वेगळं सांगतो.

दोन्ही चांगले, पण कामं वेगळी. लाकूड अगदी कमी हवेत साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की त्यातलं पाणी, डांबर आणि वायू निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. हा झाला लोणारी कोळसा. तो लवकर पेटतो, धग जास्त देतो, राख कमी करतो आणि ग्रिलची खालची, हवा आत सोडणारी झडप थोडी उघडली की लगेच भडकतो, मिटली की लगेच दबतो. त्याचा दोष एकच: तुकडे लहानमोठे असल्यामुळे आच सगळीकडे सारखी पडत नाही आणि कोळसा अचानक संपतो.

ब्रिकेटमध्ये कोळशाची भुकटी स्टार्चने बांधून एकाच मापाच्या वड्या पाडलेल्या असतात. सगळ्या सारख्या आकाराच्या, म्हणून जळण्याचा वेगही सारखा. किती वड्यांना किती आच, हे एकदा कळलं की पुढच्या वेळी तेवढ्याच मोजून घ्यायच्या. पण पाकिटावर घटक वाचा. काही ब्रिकेटमध्ये दगडी कोळसा, चुनखडी आणि पेट लवकर घ्यावा म्हणून रसायनं घातलेली असतात. अशा वड्या पेटताना वास येतो आणि राखेचा ढीग होतो. निव्वळ कोळसा आणि स्टार्च असलेली वडी मिळत असेल तर तीच घ्या.

थोडक्या वेळात चटका द्यायचा असेल (मांसाचे पातळ काप, मासे, भाज्या) तर लोणारी कोळसा. झाकण लावून चार-सहा तास मंद आचेवर काही शिजवायचं असेल तर ब्रिकेट. दोन्ही मिसळायलाही हरकत नाही: खाली ब्रिकेट, वर लोणारी.

नारळाच्या करवंटीच्या ब्रिकेट घट्ट असतात, पेटायला वेळ लावतात, पण एकदा पेटल्या की बराच वेळ टिकतात आणि धूर जवळजवळ करत नाहीत. जपानचा बिंचोतान हा ओकच्या एका जातीपासून केलेला कोळसा दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखा खणखणतो. लहान उघड्या शेगडीवर काड्यांना लावलेले तुकडे भाजायला तो अप्रतिम. झाकणाच्या मोठ्या ग्रिलमध्ये तासन्‌तास धूर द्यायला मात्र तो वापरणं म्हणजे उधळपट्टी.

प्रश्न: गेल्या वेळच्या लोणारी कोळशाच्या पोत्यात निम्मा चुरा निघाला. शिवाय पेटताना तडतड उडत होता. घेताना काय बघायचं?

पोतं उचलून हलवा. आत मोठे तुकडे असतील तर खडखड आवाज येतो, चुरा असेल तर सरसर. पोत्याचा तळ हाताने दाबून बघा, तिथेच भुकटी जमते. घरी आणल्यावर एक तुकडा मोडा. नीट भाजलेला कोळसा हलका असतो, कटकन मोडतो आणि मोडलेली बाजू काळी चकचकीत दिसते. मधोमध तपकिरी पट्टा दिसला, किंवा तुकडा मोडण्याऐवजी सोलपटला, तर लाकूड आतून कच्चं राहिलं आहे. असा तुकडा पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडतो. असे तुकडे फेकायची गरज नाही. ते पेटवण्याच्या चिमणीत (ती काय असते ते पुढच्या उत्तरात) तळाशी घाला म्हणजे पदार्थ ठेवण्याआधीच जळून जातील.

तडतड होते ती आत अडकलेला ओलावा आणि वायू एकदम फुगल्यामुळे. सालीसकट भाजलेल्या आणि दमट जागी ठेवलेल्या कोळशात ती जास्त. कोळसा हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून उघडं पोतं जमिनीवर ठेवू नका. झाकणाच्या डब्यात भरा. एकदम वारा घालून आच चढवली तरी ठिणग्या उडतात. पहिली दहा मिनिटं पंखा हातात घेऊ नये.

चुरा ग्रिलमध्ये ओतू नका. तो जाळीच्या फटी बुजवतो, खालून हवा येत नाही आणि वरचे चांगले कोळसेही अर्धवट धुमसत राहतात. आच चढत नाही अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा कारण हेच. मोठे तुकडे हाताने खाली रचा, मधले वर, चुरा बाहेर.

प्रश्न: पेटवण्यासाठी द्रव इंधन वापरतो, पण पदार्थाला त्याचा वास लागतो असं घरचे म्हणतात. उपाय?

घरच्यांचं म्हणणं खरं असावं. द्रव इंधन टाकल्यावर कोळशांवर राखेची साय धरेपर्यंत थांबलं तर वास बहुतांशी जळून जातो. घाई केली की राहतो. पेटत्या कोळशावर मात्र इंधन कधीही ओतू नका, ज्वाळा धारेवरून थेट बाटलीपर्यंत चढते.

सरळ उपाय म्हणजे पेटवण्याची चिमणी: पत्र्याचं नळकांडं, खाली जाळी, बाजूला मूठ. वर कोळसा भरायचा, खालच्या कप्प्यात चुरगाळलेल्या कागदाचे दोन बोळे किंवा मेणाची पेटवणी ठेवायची आणि काडी लावायची. कागद फार कोंबला तर हवा अडते आणि नुसता धूर होतो, म्हणून बोळे सैल ठेवा. गरम हवा वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते, त्यामुळे फुंकावं लागत नाही. लोणारी कोळसा १० ते १५ मिनिटांत, ब्रिकेट १५ ते २० मिनिटांत तयार होतात. वरच्या थराच्या कडा पांढुरक्या झाल्या आणि मधून लाल उजेड दिसू लागला की ओता. सगळे राखाडी होईपर्यंत थांबलात तर बरीचशी धग चिमणीतच संपलेली असते.

इंधन आधीच मुरवलेल्या, काडी लावताच पेटणाऱ्या ब्रिकेट मिळतात. त्या सगळ्या एकदम पेटवून पुऱ्या राखाडी झाल्यावरच त्यांच्यावर पदार्थ ठेवायचा. मध्येच भर घालायला किंवा खाली सांगितलेल्या नागमोडी रचनेत त्या चालत नाहीत, कारण एकेक वडी पदार्थाखालीच इंधन जाळत पेटते.

प्रश्न: मंद आच टिकत नाही. पहिल्या तासात १८० अंश, मग चौथ्या तासाला ९० अंश. झडपांशी खेळून थकलो.

दोन वेगवेगळ्या चुका दिसतात. सुरुवातीला चढलेलं तापमान हे जास्त कोळसे एकदम पेटवल्यामुळे. पेटलेला ढीग झडपेने दाबायचा म्हणजे तो घुसमटतो आणि घाण धूर करतो. मंद आच हवी तर कमी कोळसे पेटवा आणि बाकीचे त्यांच्याकडून हळूहळू पेटू द्या.

५७ सेंटिमीटर व्यासाच्या गोल ग्रिलमध्ये यासाठी नागमोडी रचना करतात. न पेटलेल्या ब्रिकेट भिंतीलगत दोन खाली आणि दोन वर अशा एकमेकींना टेकवत अर्ध्या वर्तुळात मांडा. पहिल्या निम्म्या भागावर धुराच्या लाकडाचे तीन-चार ठोकळे थोड्या थोड्या अंतरावर ठेवा. चिमणीत ८ ते १० ब्रिकेट पेटवून रांगेच्या एका टोकाला टेकवा. मोकळ्या बाजूला पाण्याचं पसरट भांडं आणि त्याच्या वर, जाळीवर पदार्थ. वरची झडप पूर्ण उघडी, खालची पाव उघडी. असं १०७ ते १२५ अंशांच्या आसपास ५-६ तास चालतं. रांग मध्ये कुठेही तुटलेली नको, एका वडीचं अंतर पडलं तरी विस्तव तिथेच थांबतो. लोणारी कोळसा या रचनेत नीट चालत नाही. तुकडे एकमेकांना सारखे टेकत नाहीत.

चौथ्या तासाची घसरण बहुधा राखेमुळे. खालच्या झडपा राखेने बुजतात. दर दोन तासांनी राख झाडण्याची मूठ हळूच हलवा, जोरात नाही, नाहीतर राख उडून पदार्थावर बसते. आणि झडप बदलल्यावर किमान १५ मिनिटं थांबा. तापमान लगेच हललं नाही म्हणून दुसऱ्यांदा झडप उघडली की ते पुढे जाऊन हाताबाहेर जातं. झाकण वारंवार उघडणं हेही त्याच जातीचं दुखणं: आतली उष्णता जाते आणि निखाऱ्यांना भरपूर हवा मिळते, म्हणजे काटा आधी पडतो आणि मग उसळतो.

झाकणावरच्या तापमापकावर फार विसंबू नका. तो वर असतो, पदार्थ खाली. दोन्ही जागांत १५-२० अंशांचा फरक सहज पडतो. जाळीच्या पातळीवर वेगळा तापमापक लावा.

प्रश्न: महागाचं हिकरीचं लाकूड आणलं, भरपूर धूर दिला, तरी मांस कडू लागलं आणि जिभेला बधिरपणा आला. लाकूड खराब होतं का?

लाकूड खराब असण्याची शक्यता कमी. ‘भरपूर धूर’ हीच मुळात अडचण आहे.

लाकूड तापताना आधी त्यातलं पाणी उडतं. मग २०० अंशांच्या पुढे हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोज हे लाकडाच्या तंतूंचे घटक तुटायला लागतात, त्यातून गोडसर, भाजल्याचा वास येतो. त्याही पुढे तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन तुटतं आणि ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी संयुगं निघतात. आपण ज्याला धुराची चव म्हणतो ती मुख्यतः यांची. या बाष्पाला पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर त्यातला जडसर, डांबरी भाग जळून जातो आणि बाहेर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर येतो. हवा कमी पडली, विस्तव थंड असला किंवा लाकूड ओलं असलं तर न जळलेले थेंब तसेच बाहेर पडतात. तो दाट पांढरा किंवा पिवळट धूर. तोच पदार्थावर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकट थर देऊन बसतो. तुमचा कडूपणा आणि बधिरपणा त्या थराचा.

धुराड्यातून येणारा धूर दुरून हुंगून बघा. नाकाला झोंबला, डोळ्यांत पाणी आलं, तर पदार्थालाही तेच मिळणार. सुवासिक वाटला तर झाकणाखाली सगळं ठीक आहे. धूर दिसत नाही म्हणून लाकडाची भर घालू नका; वास येतोय ना, मग धूर आहे.

ठोकळे कोळशावर टाकल्यावर पहिली १०-१५ मिनिटं धूर पांढरा येतोच. ती सरेपर्यंत पदार्थ बाहेर ठेवा. वरची झडप कधीही निम्म्यापेक्षा कमी उघडी नको, तापमान खालच्या झडपेने सांभाळा. लाकडाचं प्रमाणही आवरा: कोंबडीसाठी मुठीएवढे एक-दोन ठोकळे, मोठ्या मांसासाठी तीन-चार, म्हणजे साधारण २५० ते ३०० ग्रॅम. मांस थंड आणि ओलसर असतं तेव्हा, म्हणजे सुरुवातीच्या दोन-तीन तासांत, धूर चांगला धरतो. नंतर लाकूड घालत राहिल्याने फायदा थोडा आणि कडूपणाचा धोका जास्त.

एक आणखी. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटताना दिसले तर तो रंग नव्हे. चरबी आणि धुराचा जुना जळका थर आहे. ग्रिल कोमट असताना तारेच्या ब्रशने खरवडा आणि मग ओल्या फडक्याने पुसून घ्या, कारण ब्रशची सुटलेली तार जेवणात जाता कामा नये.

प्रश्न: तरी सांगाच, कोणत्या पदार्थाला कोणतं लाकूड?

फरक आहे, पण पाकिटांवर लिहितात तेवढा नाही. सफरचंद, चेरी, पीच, पेरू ही फळझाडं सौम्य. कोंबडी, मासे, भाज्या, चीज यांना बरी. चेरी मांसाच्या वरच्या थराला गडद तांबूस रंग देते. आल्डर फार हलकं, माशांसाठी, विशेषतः सामनसाठी, जुन्या काळापासून वापरात. मेपल आणि पीकन मधले. ओक कशालाही चालतो आणि विस्तवही स्थिर देतो. एकच लाकूड ठेवायचं तर आम्ही ओक ठेवू. हिकरी तीव्र, लाल मांसाला शोभते. मेस्कीट हे वेड्या बाभळीच्याच प्रजातीतलं झाड. ते फार गरम आणि उग्र जळतं. झटपट भाजायच्या मांसाला ते छान, पण सहा तासांच्या धुरासाठी दिलं तर पदार्थ वाया.

प्रश्न: धुराच्या लाकडाच्या ढलप्या (बारीक तुकडे) रात्रभर भिजवाव्यात का?

नको. पाणी लाकडाच्या वरच्या थरापुरतंच मुरतं, आणि ते उडून जाईपर्यंत लाकूड धूर देत नाही. सुरुवातीला दिसतो तो पांढरा लोट मुख्यतः वाफेचा असतो. शिवाय थंड ओलं लाकूड निखाऱ्यांची आच खाली आणतं, म्हणजे पुन्हा घाण धुराची सोय.

ढलप्या फार लवकर जळतात ही खरी तक्रार असेल तर मूठभर कोरड्या ढलप्या ॲल्युमिनियमच्या जाड कागदात गुंडाळा, वरच्या बाजूला तीन-चार भोकं पाडा आणि पुडी निखाऱ्यांच्या कडेला ठेवा. आत हवा कमी जाते, ज्वाळा धरत नाही, धूर बराच वेळ पुरतो. एका तासाहून अधिक काम असेल तर ढलप्या सोडा, ठोकळे वापरा.

प्रश्न: अंगणातलं झाड तोडलं आहे. त्याचं लाकूड धुरासाठी चालेल? घरात जुने पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) आणि फर्निचरचे तुकडेही आहेत.

झाड कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते आधी कळायला हवं. कण्हेर विषारी आहे, ती जाळायचीच नाही, शेकोटीतसुद्धा. पाईन, देवदार आणि इतर सूचिपर्णी झाडांत राळ असते. काजळी धरते आणि चव टर्पेंटाइनसारखी लागते. निलगिरीचं तेलही तसंच त्रासदायक. खाण्याजोगी फळं किंवा कवचाची फळं देणारी कठीण लाकडाची झाडं बहुधा सुरक्षित, पण झाडावर अलीकडे कीटकनाशक फवारलं असेल तर ते लाकूड सोडून द्या. ओळख पटत नसलेलं लाकूडही सोडा.

चालण्यासारखं असेल तर आताच ८-१० सेंटिमीटर जाडीचे तुकडे फोडून जमिनीपासून वर, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे रचा. वरून झाकण, बाजू उघड्या. सहा महिने ते वर्षभर लागतं. एका तुकड्यावर खूण करून दर पंधरा दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेइतकं कोरडं झालं. ओलावा १५ ते २० टक्के हवा. मापक असेल तर तो तुकडा नव्याने फोडून आतल्या बाजूवर टेकवा, बाहेरची बाजू नेहमी कोरडीच दाखवते. मापक नसेल तर टोकाला पडलेल्या तडा, सुटलेली साल आणि दोन तुकडे आपटल्यावर येणारा टणक आवाज यांवर भागवा. जळताना टोकातून फेस येत असेल, सूं सूं आवाज होत असेल, तर अजून ओलं आहे. बुरशी चढलेला तुकडा खाण्याच्या विस्तवात नको.

फर्निचरचे तुकडे मुळीच नको. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये डिंकाची रसायनं असतात, वर रंग आणि पॉलिश. हिरवट झाक असलेलं, कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेलं जुनं लाकूड तर आणखी वाईट. त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं, आणि जाळल्याने आर्सेनिक जात नाही, धुरात आणि राखेत येतं. पॅलेटवर ‘एमबी’ अशी रोमन अक्षरं असतील तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं आहे. ‘एचटी’ म्हणजे फक्त उष्णतेने, गाभ्यात ५६ अंशांवर ३० मिनिटं, तापवलेलं. पण त्यावर प्रवासात काय सांडलं हे कुणाला माहीत? आम्ही तेही वापरत नाही.

प्रश्न: माझ्या मांसात कडेने गुलाबी कडं येत नाही. धूर कमी पडतो का?

तसं नाही. निखाऱ्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाशी) जोडले जाऊन ते कडं येतं. वरचा थर तापून रंग पक्का व्हायच्या आत हे घडावं लागतं, म्हणून थंड मांस आणि मंद सुरुवात असेल तर कडं रुंद येतं. चवीचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रश्न: पाऊस आला तर ग्रिल गॅरेजमध्ये, शटर अर्धं उघडून चालवावं का?

नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, आणि विझत आलेले निखारेही तो सोडत राहतात. अर्धं शटर पुरत नाही. तंबूत आणि झाकलेल्या बाल्कनीतही हेच.

प्रश्न: उरलेला कोळसा आणि राख यांचं काय करावं?

काम झाल्यावर वरच्या आणि खालच्या सगळ्या झडपा बंद करा. हवा नाही मिळाली की कोळसा विझतो आणि पुढच्या वेळी उपयोगी पडतो. पाणी ओतू नका. तापलेला पत्रा वाकतो, इनॅमल तडकतं आणि राखेचा चिखल होऊन गंज धरतो. पुढच्या वेळी उरलेले तुकडे हलवून राख झाडा आणि नव्या कोळशात मिसळा. ते लवकर पेटतात, पण लवकर संपतातही, म्हणून लांब कामासाठी एक तृतीयांशाहून जास्त घेऊ नका.

राख वरून गार वाटली तरी आत निखारा दोन दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा, बादली लाकडी फळीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि पुरे दोन दिवस झाल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. निव्वळ लोणारी कोळशाची राख बागेत थोडी थोडी चालते. त्यात पालाश असतो, पण ती अल्कधर्मी असल्याने आम्लाची माती आवडणाऱ्या झाडांना घालू नये. ब्रिकेटची राख, घटक नक्की माहीत नसतील तर, बागेत घालू नका.